तीन बाटल्या पाणी भरा, दिवसभर फिरा, मग कॅमेरा निवडा

पत्र: नमस्कार. तीन वर्षांपूर्वी भावाने त्याचा जुना डीएसएलआर मला दिला, १८-५५ एमएमची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती झूम) आहे त्याला. पहिलं वर्षभर खूप फोटो काढले, आता तो कपाटातच असतो, कारण प्रवासात जड वाटतो आणि फोन हाताशी असतोच. मुलगी पाच वर्षांची आहे, संध्याकाळी घरात तिचे फोटो काढले की एकतर हललेले येतात नाहीतर दाणेदार. तीन महिन्यांनी आम्ही बारा दिवसांच्या प्रवासाला जातोय, थोडे डोंगर, थोडी जुनी शहरं. ऑफिसमधला मित्र म्हणतो घेतेच आहेस तर एकदाच फुलफ्रेम घे, सोबत २४-७० आणि ७०-२००, दोन्ही एफ २.८ वाल्या, म्हणजे परत बघायला नको. रिव्ह्यू बघून बघून डोकं पिकलंय. तुम्ही माझ्या जागी असता तर काय घेतलं असतं?

ताई, नमस्कार.

तुम्ही शेवटी जे विचारलंय त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. मी तुमच्या जागी असते तर क्रॉप सेन्सरची (म्हणजे प्रकाश टिपणारा भाग फुलफ्रेमपेक्षा लहान असलेली) एक छोटी मिररलेस बॉडी, डीएसएलआरमधला आरसा नसलेली, घेतली असती, तिच्यासोबत मिळते ती किट झूम, आणि एक लहानशी पण भरपूर प्रकाश घेणारी प्राईम लेन्स, म्हणजे झूम नसलेली, एकाच मापाची. एवढंच. मित्राने सांगितलेला सेट घेतला नसता. आणि यातलंही काही विकत घ्यायच्या आधी दोन कामं केली असती, ज्यांना एक पैसा लागत नाही.

मित्र काही चुकीचं सांगत नाहीये हं. फुलफ्रेम, २४-७०, ७०-२०० हा सेट जबरदस्तच आहे, पण तो समारंभ, स्टेज, बातम्या असं काम करणाऱ्यांचा सेट आहे. त्यांना एकाच संध्याकाळी दोन फुटांवरचा चेहरा पण लागतो आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाचा पण लागतो, परत सांगून तो क्षण मिळत नाही, म्हणून ते वजन उचलतात आणि त्याचे पैसे घेतात. तुमच्या पत्रात मला दोनच तक्रारी दिसल्या: एक, कॅमेरा जड वाटतो म्हणून नेला जात नाही. दोन, घरात संध्याकाळी मुलीचे फोटो हलतात. त्या सेटने पहिली तक्रार दुप्पट होणार आहे, आणि दुसरी त्यापेक्षा कितीतरी कमी पैशात आणि कमी वजनात सुटते.

आता पहिलं काम. फुलफ्रेम मिररलेस बॉडी साधारण सहाशे-सातशे ग्रॅमची असते, २४-७० एफ २.८ सातशे ते नऊशे ग्रॅम, ७०-२०० एफ २.८ एक किलोच्या पुढेच, काही तर दीड किलोला टेकतात. त्यात जास्तीची बॅटरी, चार्जर आणि स्वतः ती गादीवाली कॅमेरा बॅग धरली की तीन किलो आरामात होतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, सोपं आहे. तर लिटरच्या तीन बाटल्या भरा, प्रवासात वापरणार आहात त्याच बॅगेत टाका, आणि एक सुट्टीचा अख्खा दिवस ती खांद्यावर घेऊन नेहमीसारखं फिरा. जिने चढा, उन्हात उभं राहा, मुलीचा हात धरून रस्ता ओलांडा. आणि मुख्य म्हणजे दिवसातून वीस वेळा एक बाटली बाहेर काढून परत आत ठेवा, कारण कॅमेऱ्याचं हेच होणार आहे.

हे वीस वेळा काढण्याचं मी मुद्दाम सांगतेय. वजनामुळे माणूस कॅमेरा न्यायचा बंद होतो असं सगळे म्हणतात, पण माझा अनुभव असा की त्याच्या कितीतरी आधी तो कॅमेरा *बाहेर काढायचा* बंद होतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी असाच मोठा सेट पाठीवर घेऊन नऊ दिवस फिरले होते. पहिल्या दिवशी उत्साह. तिसऱ्या दिवसापासून काय व्हायला लागलं की काहीतरी छान दिसायचं, मी थांबायचे, बॅग उतरवायची, चेन उघडायची, लेन्सचं झाकण काढायचं, तोवर सोबतचे लोक वळणापलीकडे गेलेले असायचे आणि जे दिसलं होतं ते संपलेलं असायचं. एका सकाळी दगडी पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ बसून बुटाची नाडी बांधत होते, तिरपं ऊन नेमकं त्यांच्या हातांवर, आणि मी मनात चक्क हिशोब केला की आता बॅग उतरवायची का, आणि उतरवली नाही. नऊ दिवस ते वजन वागवलं आणि तो फोटो माझ्याकडे नाही. ते हात अजून आठवतात मला, बोटं जाड होती आणि नाडी फार बारीक. त्यानंतर मी गळ्यात किंवा हातात तासन्‌तास राहू शकेल एवढाच कॅमेरा घ्यायचा असं ठरवलं, आणि माझ्यासाठी तो आकडा बॉडी आणि लेन्स धरून सहाशे ग्रॅमच्या आत आहे. तुमचा आकडा कदाचित वेगळा निघेल. तीन बाटल्या झेपल्या तर दोन दिवस करून बघा, तरीही झेपल्या तर मला खोटं पाडायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आणि फुलफ्रेमबद्दल एक गोष्ट सांगते, मला स्वतःला ती कळली तेव्हा फार भारी वाटली होती. जर्मनीत वेट्झलार नावाच्या गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचे एक इंजिनियर होते. त्यांना दम्याचा त्रास, आणि फिरायला जाऊन फोटो काढायची हौस. तेव्हाचे काचेच्या प्लेटांचे कॅमेरे म्हणजे ओझंच, ते घेऊन चढ चढताना त्यांना श्वास पुरायचा नाही. म्हणून त्यांनी सिनेमाची ३५ एमएमची फिल्म आडवी वापरून खिशात मावेल असा एक कॅमेरा बनवला, १९१४ च्या सुमारास, आणि पुढे १९२५ मध्ये तोच लायका म्हणून बाजारात आला. त्या फिल्मवरच्या चौकटीचं माप होतं ३६ बाय २४ एमएम. आज ज्याला आपण फुलफ्रेम म्हणतो ते तंतोतंत हेच माप! म्हणजे आज जे मोठं आणि खरं समजलं जातं ते मुळात वजन न झेपणाऱ्या माणसाने काढलेलं छोटं माप आहे. त्यामुळे क्रॉप सेन्सर घेतला म्हणजे आपण काहीतरी कमी प्रतीचं घेतलं असं मनात अजिबात आणू नका. तुम्ही बार्नाकच्याच वाटेने चालला आहात.

आता दुसरं काम, हे मला पहिल्यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. जुन्या डीएसएलआरने वर्षभर जे फोटो काढलेत ते कुठेतरी कॉम्प्युटरवर असतीलच. एका रात्री मुलगी झोपली की ते उघडा आणि त्यातले मनापासून आवडणारे शंभर बाजूला काढा. चांगले आलेले नव्हे, *आवडणारे*, थोडे हललेले असले तरी चालतील. मग प्रत्येकाची माहिती उघडून फोकल लेन्थ बघा (लेन्सचा एमएममधला आकडा, लहान असेल तर रुंद दिसतं, मोठा असेल तर जवळ), कोणत्याही फोटो ॲपमध्ये दिसते, आणि कागदावर नुसत्या रेघा मारत जा, १८ वर किती, २४ च्या आसपास किती, ३५ च्या आसपास किती, ५५ ला किती. अर्धा तास लागेल. किट लेन्स हलकी-स्वस्त म्हणून लोक तिला नावं ठेवतात, पण आपल्याला काय बघायला आवडतं हे कळण्यासाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. बहुतेकांचे फोटो दोन टोकांना गोळा होतात. १८ ला खूप निघाले तर तुम्हाला जागा दाखवायला आवडते, माणूस आणि त्याच्याभोवतीचं सगळं. ५५ ला खूप निघाले तर तुम्ही कायम आणखी जवळ जायला बघताय. आणि ३०-३५ च्या मध्ये ढीग निघाला तर प्राईम लेन्स कोणती घ्यायची हे ठरूनच गेलं.

हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवायचं, क्रॉप सेन्सरवर लेन्सचा आकडा गुणिले दीड करायचा (कॅननला १.६) म्हणजे फुलफ्रेमच्या भाषेत तो किती होतो ते कळतं. १८ चे २७ होतात, साधारण फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच. २३ चे ३५ होतात, ३५ चे बावन्न-त्रेपन्न. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यभराचं बहुतेक काम ५० एमएमच्या एका लेन्सवर केलं, तेव्हा एकच लेन्स कमी पडेल का ही भीती काढून टाका.

आता मुलीच्या फोटोंकडे येते, कारण पत्रात तिथेच तुमचा खरा जीव अडकलाय असं मला वाटलं.

संध्याकाळी दिव्याच्या प्रकाशात काय होतं बघा. तुमची किट लेन्स झूम करून ५५ ला नेली की तिचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). तेवढ्या उजेडात, आयएसओ (प्रकाश कमी असताना फोटो उजळ करणारा आकडा) ३२०० ला ठेवला तरी शटर स्पीड येतो समजा एका सेकंदाचा विसावा भाग. एक विसांश सेकंदात पाच वर्षांचं पोर मान वळवून, हसून, परत वळलेलं असतं. म्हणून फोटो हलतो. आयएसओ आणखी वाढवला की दाणे दिसतात. म्हणजे तुमचा हात वाईट नाही आणि कॅमेराही बिघडलेला नाही, प्रकाश पुरत नाहीये, बस. आता त्याच बॉडीला एफ १.८ ची प्राईम लावली तर प्रकाश किती जास्त येतो? ५.६ भागिले १.८ आणि त्याचा वर्ग, म्हणजे साडेनऊ पटींच्या थोडा वर, जवळजवळ दहा पट. तोच आयएसओ, तीच खोली, तोच दिवा, आणि शटर स्पीड विसाव्या भागावरून थेट दोनशेव्या भागाच्या आसपास. दोनशेव्या भागात तिची मान स्थिर दिसते, केसांची बट हवेत असेल तर तीही जागेवर मिळते.

आणि मित्राच्या सल्ल्याप्रमाणे नुसता फुलफ्रेम सेन्सर घेतला तर काय मिळतं? फुलफ्रेमचं क्षेत्रफळ क्रॉपच्या सव्वादोन ते अडीच पट, म्हणजे दाण्यांच्या बाबतीत साधारण एक स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) किंवा जरा जास्तच फायदा. फायदा खराच आहे, मी नाकारत नाही. पण लेन्सने दहा पट आणि सेन्सरने अडीच पट असं असेल तर पैसे आधी कुठे जायला हवेत ते दिसतंच आहे.

इथे एक गैरसमज फार आहे म्हणून सांगते. स्टॅबिलायझेशन, म्हणजे बॉडीत किंवा लेन्समध्ये हलणं सावरणारी जी यंत्रणा असते ती *तुमच्या हाताचं* हलणं सावरते, मुलीचं नाही. बॉक्सवर पाच स्टॉप, सात स्टॉप लिहिलेलं असतं ते अंधारातल्या जुन्या इमारती काढताना खूप कामाचं, दगड हलत नाहीत. पळणाऱ्या पोरासाठी त्याचा काहीही उपयोग नाही. केवळ त्यासाठी महागडी बॉडी घेऊ नका.

एफ १.८ ची एक बाजू मात्र सांभाळावी लागते. जवळून पूर्ण उघड्या अपर्चरला फोटो काढला तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट होतो, फोकसची जाडी बोटभरच उरते. म्हणून मी घरात २.२ किंवा २.५ ला ठेवते. आणि नवीन बॉडी का घ्यायची याचं माझ्या मते खरं कारण इथे आहे: आजकालच्या मिररलेस डोळा ओळखून त्याला धरून ठेवतात, पोर हललं की फोकस सोबत हलतो. जुन्या डीएसएलआरच्या मधल्या ठिपक्याने हे जमवायचं म्हणजे हातात कसब लागतं. मेगापिक्सल, व्हिडिओचे आकडे, सेकंदाला किती फोटो, यातलं बाकी काहीही तुमच्या उपयोगाचं नाही. २४ मेगापिक्सल म्हणजे सहा हजार बाय चार हजार, त्यातून वीस इंच रुंद प्रिंट उत्तम निघते, आणि ४के टीव्हीला तर सव्वाआठ मेगापिक्सलच लागतात.

नवीन काही घ्यायच्या आधी भावाच्या त्याच डीएसएलआरला लागणारी ३५ एमएम एफ १.८ कुणाकडून दोन दिवस उसनी आणा नाहीतर भाड्याने घ्या, आणि घरातच वापरून बघा. (५० मिळाली तरी चालेल पण क्रॉपवर ती ७५-८० होते, खोलीत पाठ भिंतीला लागते तरी पोर फ्रेममध्ये मावत नाही.) आणताना एवढं विचारा की ती तुमच्या बॉडीवर ऑटोफोकस होते का, कारण काही साध्या डीएसएलआर बॉडीत फोकसची मोटर नसते आणि जुन्या लेन्सला स्वतःची नसते, मग सगळं हाताने करावं लागतं. संध्याकाळी दिवे लागल्यावर मुलीला चित्र काढायला बसवा, दिव्याकडे तोंड करून, दिवा तिच्या पाठीमागे नको. तुम्ही तिच्या उंचीवर खाली बसा. खडू कागदावर घासताना ती जीभ बाहेर काढून दातांत धरते ना, सगळी मुलं धरतात, तिथे फोटो काढा. ते दोन-चार फोटो बघून तुम्हाला जे कळेल ते शंभर रिव्ह्यूंतून कळणार नाही. आणि खरं सांगू, ते बघून असंही वाटू शकेल की घरासाठी ही बॉडीच पुरे, आणि प्रवासासाठी फक्त हलकं काहीतरी हवं. तसं झालं तर फारच छान.

डोंगरांसाठी ७०-२०० हवी का? लांबची लेन्स डोंगरात खरंच कामाला येते, एकामागे एक रांगा जवळ ओढून दाखवते, त्यात मी मित्राच्या बाजूने आहे. पण ती एफ २.८ कशाला? दिवसा भरपूर ऊन असतं आणि डोंगर कुठे पळत नाहीत. क्रॉप बॉडींसाठी ५५-२०० किंवा ५०-२५० अशा साध्या झूम मिळतात, वजन तीनशे-चारशे ग्रॅमच्या आसपास, उजेडात फोटो उत्तम. रात्रीच्या खोलीत त्यांचा उपयोग नाही, पण तिथे तुमची प्राईम आहेच. शंभर फोटोंत ५५ वर ढीग निघाला तरच ही घ्या, नाहीतर राहू द्या.

बॉडी नेमकी कोणती हे मी एकच नाव सांगणार नाही, कारण तुमचे हात मी बघितलेले नाहीत. सोनीच्या ए ६००० मालिकेतल्या ए ६१०० पासून पुढच्या बॉडी, फुजीच्या एक्स मालिकेतल्या छोट्या बॉडी, कॅननची आर ५०, निकॉनची झेड ५०, या सगळ्या तुमच्या कामासाठी चांगल्याच आहेत, कशानेही तुमचा फोटो बिघडणार नाही. त्यांच्यात फरक आहे तो हातात धरण्याचा आणि लेन्सचा. बॉडी ठरवण्याआधी तिला लागणाऱ्या छोट्या प्राईम किती आहेत ते बघा, कारण काही कंपन्यांनी क्रॉपसाठी झूम भरपूर काढल्या आणि छोट्या प्राईम मोजक्याच, सोनी आणि फुजीकडे निवड जास्त आहे. दुकानात गेलात की पाच मिनिटं हातात धरा, करंगळी खाली लोंबकळते का बघा, अपर्चरची चाकी अंगठ्याला न बघता सापडते का बघा. आणि व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, आहे ना याची खात्री करा, हे विसरू नका. व्हिडिओवाल्यांसाठी काढलेल्या काही छोट्या बॉडींना तो नसतो आणि भर दुपारी मागच्या स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो.

लेन्स बदलायचा कंटाळाच असेल तर एकसंध कॅमेरे आहेत. रिको जीआर ३ अडीचशे ग्रॅमच्या जरा वर, खिशात जातो, २८ एमएमची नजर, सेन्सर मात्र क्रॉपचा पूर्ण. त्याला व्ह्यूफाइंडर नाही, आताच बजावलेलं मीच तिथे सोडून देते, कारण तो खिशातून काढून सेकंदात फोटो घ्यायचा कॅमेरा आहे. फुजीचा एक्स १०० पण आहे, ३५ च्या नजरेचा, २०११ पासून त्याच्या पिढ्या निघतायत. दोन्हींवर माझं प्रेम आहे, पण तुमच्याकडे लहान मूल आणि डोंगर दोन्ही आहेत, तेव्हा पहिलाच कॅमेरा म्हणून झूम अजिबात नसलेला घ्या असं मी म्हणणार नाही. एक इंची सेन्सरवाले छोटे झूम कॅमेरे दिवसा मस्त, पण तो सेन्सर १३.२ बाय ८.८ एमएमचाच असतो (एक इंच हे नाव जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून आलंय), आणि त्यात झूम केलं की अपर्चर पण मिटत जातं, म्हणजे संध्याकाळच्या खोलीत तुमचा जुनाच प्रश्न परत. मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे क्रॉपपेक्षाही लहान सेन्सरचे कॅमेरे, मी पक्षी काढणाऱ्यांना आनंदाने सुचवते, लांबच्या लेन्स तिथे फार हलक्या होतात, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

सेकंडहँड घ्यायला अजिबात घाबरू नका. लेन्स तर नक्कीच बघा, चांगली लेन्स दहा-पंधरा वर्षं आरामात चालते. घेताना फोनचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने तिरपं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, परत ठेवा, कितीही स्वस्त असली तरी. फोकसची रिंग फिरवून बघा, अडकायला नको. बॉडी असेल तर पांढऱ्या भिंतीचा एफ १६ ला फोटो काढून मोठा करून बघा, काळे डाग म्हणजे सेन्सरवर धूळ, ती साफ होते, पण चरा असेल तर नको.

आणि हो, बुरशीवरून आठवलं, भावाचा कॅमेरा पहिल्या वर्षानंतर कपाटातच आहे म्हणता, आज रात्रीच त्याच्या लेन्समध्ये टॉर्च मारून बघा. माझी एक आवडती लेन्स मी चामडी पाऊचमध्ये घालून, फार जपतेय असं समजून, एक अख्खा पावसाळा तशीच ठेवली होती. चामडं ओल धरतं. बाहेर काढली तेव्हा काचेच्या कडेने आत पांढऱ्या मुळ्या पसरल्या होत्या आणि कोटिंग खाऊन टाकलं होतं, साफ करूनही तो डाग उजेडात दिसायचाच. तेव्हापासून सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सोबत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मीटर, काटा चाळीस-पन्नासच्या मध्ये ठेवायचा. बुरशी नसली तर महिन्यातून एकदा कॅमेरा नुसता बाहेर काढून वापरत चला, उजेड आणि वारा लागला की बरंच काही टळतं.

बाकी सटरफटर पटकन सांगते. बॅटऱ्या दोन जास्तीच्या, मिररलेस बॅटरी भराभर खातात. विमान असेल तर सुट्ट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या सामानात टाकायच्या नाहीत, आणि टोकं झाकून. एक मोठं कार्ड घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन-तीन घ्या, व्ही ३० (कार्डाच्या वेगाची खूण) लिहिलेलं पुरतं, आणि घरी येईपर्यंत एकही कार्ड पुसू नका, रोज रात्री निवडक फोटो फोनवर उतरवले की दोन ठिकाणी झाले. कंपनीचं नाव मिरवणारा रुंद पट्टा काढून साधा पातळ पट्टा लावा. खास कॅमेरा बॅग नको, तुमच्या रोजच्या बॅगेत बसणारा गादीवाला कप्पा वेगळा मिळतो तो घ्या. ट्रायपॉड नको. थंडीतून गरम खोलीत येताना कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, तासाभराने काढा, नाहीतर काचेवर आतून-बाहेरून दव धरतं.

आणि काहीही घेतलं तरी प्रवासाच्या निदान सहा आठवडे आधी घ्या. मी एकदा निघायच्या चार दिवस आधी बॉडी घेतली होती, बॅगेत घासून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची, चाकी उणे दोनवर गेली, आणि ती चाकी कशाची हे तेव्हा माहीतच नसल्यामुळे अख्ख्या दिवसाचे फोटो काळेकुट्ट आले, आणि जेपेग असल्यामुळे सावल्यांत काही उरलंच नव्हतं. तुम्ही रॉ (सावल्यांतला तपशील टिकवणारी कच्ची फाईल) आणि जेपेग दोन्ही लावून ठेवा. सहा आठवड्यांत घरातच हजारभर फोटो काढा, चहाचे कप, चपला, शेजारचं मांजर, काहीही, म्हणजे प्रवासात बोटांना विचार करावा लागणार नाही. फोन मात्र आनंदाने वापरत राहा, व्हिडिओला, पाट्या-नकाशांना, कागदपत्रांना, तो तिथे उत्तमच आहे.

तर या आठवड्यात टॉर्च आणि शंभर फोटो, येत्या सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या. कागदावरच्या रेघा मोजून झाल्या की १८, ३५ आणि ५५ वर किती किती निघाले ते मला लिहून पाठवा, सोबत भावाच्या कॅमेऱ्याचं मॉडेल पण, म्हणजे २३ घ्यायची का ३५, आणि ती लांबची झूम लागणार की नाही, हे मला नीट सांगता येईल.